सोलापूरच्या हिवाळ्यात कुंड्यांमधून रंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घटस्थापना झाली की आमच्याकडे निरोप सुरू होतात. कुणी सुकलेल्या रोपाचा फोटो पाठवतं, कुणी रिकाम्या गॅलरीचा. प्रश्न पुष्कळदा तेच असतात, म्हणून या पानावर उत्तरं एकत्र लिहिली आहेत. सगळी उत्तरं सोलापूरचं ऊन, सोलापूरची माती आणि सोलापूरचं पाणी धरून दिली आहेत. पुण्या-नाशिकच्या वेळापत्रकाशी ती जुळतीलच असं नाही.

१. सोलापुरात थंडी ती किती! हिवाळी फुलं इथे खरंच येतात का?

येतात, आणि वर्षभरातली सगळ्यात सुंदर फुलं याच दिवसांत येतात. आपला उन्हाळा झाडं जगवण्यातच जातो. पारा ४० च्या पुढे असतो आणि मे महिन्यात तो ४३-४४ ला टेकतो. पाऊस बेभरवशाचा, कारण आपण पर्जन्यछायेत. उरला हिवाळा. डिसेंबरात रात्री १५ अंशांच्या आसपास आणि दुपारी ३० च्या आत-बाहेर, आभाळ स्वच्छ, हवा कोरडी. पिटुनियाला नेमकं हेच हवं असतं. थंड देशांत लोक ती उन्हाळ्यात लावतात, कारण पाणी गोठवणारी थंडी तिला मारते. आपल्याकडे तशी थंडी पडतच नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून महाशिवरात्रीपर्यंतचे साधारण १०० दिवस हा आपला फुलांचा हंगाम. याला कडाक्याची थंडी नाही म्हणून कमी लेखू नका. कुंडीतल्या फुलांसाठी आपला वसंत तोच आहे.

२. सुरुवात कधी करायची? मला दिवाळी झाल्यावर आठवलं, उशीर झाला का?

बियांपासून करायचं असेल तर पितृपक्ष ते दसरा हा काळ. तयार रोपं लावायची असतील तर दसरा ते दिवाळी, आणि दिवाळीनंतरचे पंधरा दिवसही चालतात. त्यानंतर आठवलं तर बियांच्या नादी लागू नका. कळ्या धरलेली रोपं आणा, संक्रांतीपर्यंत ती लावता येतात.

ऑक्टोबरचं ऊन मात्र फसवतं. सकाळी गारवा जाणवतो म्हणून आपण रोपं उघड्यावर ठेवतो आणि दुपारी दोनला ती माना टाकतात. माझी एका वर्षी पिटुनियाची अख्खी ट्रे अशीच गेली. तेव्हापासून दिवाळीपर्यंत सगळी लहान रोपं हिरव्या शेडनेटखाली असतात. जुनी सुती साडी बांधलीत तरी चालेल.

पिटुनियाचं बी धुळीइतकं बारीक असतं. ते मातीत पुरायचं नाही, ओल्या मातीवर नुसतं भुरभुरायचं आणि वरून काच किंवा प्लास्टिक झाकायचं. झेंडूचं बी पाव इंच खोल. झेंडूचं रोप कुंडीत लावल्यापासून साधारण दीड महिन्यात फुलतं, तेव्हा मार्गशीर्षातल्या गुरुवारांसाठी घरची फुलं हवी असतील तर तेवढे दिवस मागे मोजा.

३. पहिल्यांदाच करतेय. कोणती झाडं आणू म्हणजे निराशा होणार नाही?

पाच सांगते. पहिलं पिटुनिया, कारण एका रोपात जितका रंग मिळतो तितका दुसऱ्या कशातच नाही. लावल्यावर वीतभर वाढली की शेंडा खुडा, चार फुटवे निघतील. शेंडा खुडताना जीव वर येतो, पण न खुडलेली पिटुनिया एकाच काडीवर लांबत जाते आणि टोकाला दोन फुलं धरते.

दुसरी शेवंती. हिची छाट कलमं पावसाळ्याच्या तोंडाला लावतात, त्यामुळे नवख्यांनी नोव्हेंबरात कळ्यांनी भरलेली कुंडी विकत घ्यावी. तिसरा बुटका झेंडू, जो एकेक फुट उंचीत राहतो. चौथा डायन्थस : किनार कातरलेली फुलं, दिसायला नाजूक आणि अंगाने काटक.

पाचवा गझानिया, आणि हा माझा लाडका. त्याचं मूळ दक्षिण आफ्रिकेतलं, कोरडी हवा आणि कडक ऊन त्याच्या रक्तातच आहे. ऊन आलं की उघडतो, ढग आले की मिटतो. नर्सरीत संध्याकाळी गेलात तर मिटलेली फुलं पाहून तुम्ही तो घेणार नाही, म्हणून रोपं निवडायला सकाळी अकराला जा.

रोप निवडताना जास्त फुलं असलेलं उचलू नका. कळ्या भरपूर, फुलं एक-दोन आणि बुडापासून पानं, असं रोप घ्या.

४. उन्हाळ्यात आमच्या गॅलरीत ऊन यायचं, आता येत नाही. झाड तेच, जागा तीच, मग फुलं का थांबली?

सूर्य सरकला म्हणून. सोलापूर साधारण १७.७ उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये दुपारी सूर्य आपल्या डोक्यावर, किंबहुना थोडा उत्तरेकडे असतो. २२ डिसेंबरच्या सुमारास तो भर दुपारीही दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून जेमतेम ४९ अंशांवर असतो. म्हणून उत्तरेच्या गॅलरीतलं ऊन हिवाळ्यात पार जातं आणि दक्षिणेच्या गॅलरीत ते थेट आतल्या भिंतीपर्यंत येतं. एका रविवारी सकाळी नऊ, बारा आणि तीन वाजता खडूने उन्हाची हद्द आखून ठेवा. फुलझाडांना किमान पाच तास ऊन लागतं, ते जिथे मिळेल तिथे कुंड्या हलवा. उत्तरेची गॅलरी एवढीच जागा असेल तर प्रश्न ११ पाहा.

५. शेतातली काळी माती आणलीय, चांगली कसदार आहे. तीच भरू ना?

नुसती भरू नका. सोलापूरची काळी माती मंगळवेढ्याच्या ज्वारीला पोसते, कारण शेतात ती खोल असते आणि ओल धरून ठेवते. कुंडीत तोच गुण उलटतो. ओली झाली की फुगून चिकट होते आणि मुळांना हवा मिळत नाही. वाळली की आकसते आणि कुंडीच्या कडेने फट पडते. मग तुम्ही घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, आपल्याला वाटतं झाड भिजलं, आणि आतला गोळा कोरडाच असतो. कित्येक झाडं रोज पाणी मिळूनही तहानेने मेलेली मी पाहिली आहेत.

माझं मिश्रण असं : काळी माती एक भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत एक भाग, धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक भाग, आणि अर्धा भाग शेंगांची चुरलेली टरफलं. शेंगा आपल्याकडे घरोघर फोडल्या जातात, टरफलं फुकट मिळतात. ती माती सैल ठेवतात. फक्त खाऱ्या शेंगांची नकोत, आणि ताजी कोरडी टरफलं थेट मिसळू नका. ती कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. महिनाभर ओली करून पोत्यात ठेवा, मग वापरा. दहा इंची कुंडीला एक मूठ निंबोळी पेंड. मिश्रण मुठीत दाबलं तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचलं की फुटावा, एवढी परीक्षा पुरे.

६. मातीची कुंडी चांगली की प्लास्टिकची? आणि केवढी?

आपल्या कोरड्या हवेत मातीची कुंडी चारी बाजूंनी पाणी उडवते. मुळं थंड राहतात, पण पाणी जास्त लागतं. पाण्याची अडचण असेल तर प्लास्टिक किंवा ग्रो बॅग बरी. रंगाच्या रिकाम्या बादल्याही चालतात, स्वच्छ धुवून बुडाला पाच-सहा भोकं पाडली की झालं. भोकावर खापराचा तुकडा पालथा ठेवा म्हणजे माती वाहत नाही.

आकार : पिटुनिया, डायन्थस, फ्लॉक्सला आठ इंच, शेवंतीला दहा, डेलिया आणि गुलाबाला बारा किंवा जास्त. चहाच्या कपाएवढ्या कुंड्या फोटोत छान दिसतात, पण आपल्याकडे त्या दुपारपर्यंत कोरड्या ठक्क होतात.

७. नळाला पाणी रोज येत नाही. तीस कुंड्या कशा जगवायच्या?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि येणारच. उजनीचं पाणी येईल त्या दिवशी पिंप भरून घ्यायची सवय प्रत्येक घराला आहे. तरी हिशेब करून बघा. हिवाळ्यात दहा इंची कुंडीला दिवसाला अर्धा ते पाऊण लिटर पुरतं. तीस कुंड्यांना साधारण एक मोठी बादली आणि वर थोडं. एवढं पाणी घरातच सापडतं : तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, हंडा-कळशी विसळलेलं. साबणाचं आणि मिठाचं तेवढं बाजूला ठेवा.

मातीवर आच्छादन घाला, त्याने पाणी घालण्यामधलं अंतर सरळ वाढतं. उसाचं पाचट, कडब्याची कुट्टी, वाळलेली पानं, काहीही दोन बोटं जाडीचं. पाणी सकाळी घाला. बोट मातीत दोन पेरं खुपसून बघा, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. हिवाळ्यात कुंड्यांतली रोपं अतिपाण्यानेही मरतात, कारण उन्हाळ्याच्या सवयीने आपला हात थांबत नाही.

कुंड्या सुट्या न ठेवता घोळक्यात ठेवा. एकमेकींच्या सावलीत त्या कमी तापतात. खालच्या ताटल्यांत पाणी साठू देऊ नका, डास होतात.

८. बोअरचं पाणी घालतो. कुंडीवर पांढरा थर आलाय, तो काय?

क्षारांचा थर. आपल्याकडच्या बऱ्याच बोअरचं पाणी जड असतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, हळूहळू पानांच्या कडा करपतात. शक्य असेल तिथे बोअरचं आणि नळाचं पाणी निम्मं-निम्मं करा. दर पंधरा-वीस दिवसांनी एकदा नळाचं पाणी खालच्या भोकातून धो-धो वाहीपर्यंत घाला, म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातात. वरची इंचभर माती खरवडून बदलली तर आणखी चांगलं. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारं वाया पाणी क्षारांनी भरलेलं असतं, ते रोज झाडांना घालू नका.

९. खत कोणतं, किती दिवसांनी?

शेंगदाण्याची पेंड. मूठभर पेंड पाच लिटर पाण्यात तीन-चार दिवस भिजवायची, रोज ढवळायची, मग गाळून तितकंच साधं पाणी मिसळून दर पंधरा दिवसांनी कपभर प्रत्येक कुंडीला. वास येतो, म्हणून शेजाऱ्यांची सोय बघून घाला. विकतचं विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) वापरत असाल तर लिटरला एक ते दोन ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आणि आधी माती ओली असू द्या. कळ्या दिसू लागल्यावर नत्राचा भर कमी करा, नाहीतर पानंच पानं आणि फूल नाही.

खतापेक्षाही जास्त फुलं आणतं ते म्हणजे सुकलेली फुलं रोज खुडणं. बी धरलं की झाडाला वाटतं आपलं काम झालं. फक्त पाकळ्या ओढू नका, फुलामागची गाठही काढा.

१०. सगळे रंग आणले, पण बाजार भरल्यासारखं दिसतं. रंग जुळवायचे कसे?

आधी आपल्या उजेडाचा विचार करा. सोलापूरची दुपार पांढरी असते. त्या उजेडात फिका गुलाबी, फिका जांभळा धुऊन निघाल्यासारखे दिसतात. ते पूर्वेच्या बाजूला, सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवा. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या उन्हात केशरी झेंडू, गडद लाल साल्व्हिया, तांबडा-पिवळा गझानिया हेच टिकून दिसतात. पांढऱ्याला दुपारी काही किंमत नाही, पण दिवेलागणीला बाकी सगळे रंग विझतात तेव्हा पांढरी पिटुनिया आणि अ‍ॅलिसमच उरतं. तुम्ही गच्चीवर संध्याकाळी बसत असाल तर पांढरा हवाच.

एका नजरेत तीनपेक्षा जास्त रंग नकोत. आपल्या चादरी बघा. जमिनीचा एक रंग, नक्षीचा दुसरा, काठाला तिसरा, आणि तेवढ्यात ती भरून दिसते. मी एका कोपऱ्यात जमीन म्हणून हिरवी पानं, नक्षी म्हणून केशरी झेंडू आणि काठाला निळी साल्व्हिया अशी मांडणी करते.

गडद पानांचा उपयोग फार थोडे लोक करतात, याचं मला वाईट वाटतं. संक्रांतीला काळ्या साडीवर हलव्याचे दागिने कसे उठून दिसतात! तसंच काळपट लाल कोलियससमोर पांढरं अ‍ॅलिसम ठेवून बघा. लाल माठही सुंदर दिसतो, पसरट कुंडीत दाट पेरला तर तीन आठवड्यांत लाल गालिचा होतो आणि शेवटी भाजीही मिळते.

मांडणी करताना उंच झाडं मागे, बुटकी पुढे एवढं सगळ्यांना माहीत असतं. त्याबरोबर एकाच फुलाच्या तीन-चार कुंड्या एकत्र ठेवा. वेगवेगळ्या बारा फुलांच्या बारा कुंड्यांपेक्षा तीन फुलांच्या चार-चार कुंड्या दुरूनही रंग दाखवतात.

११. आमच्याकडे ऊन येतच नाही. सावलीत रंग मिळेल का?

फुलांचा थोडा, पानांचा भरपूर. उजेड असलेल्या सावलीत बेगोनिया आणि इम्पेशन्स फुलतात. पानांसाठी कोलियस आणि गुलाबी-लाल पानांचा अ‍ॅग्लोनेमा. क्रोटनला निदान दोन-तीन तास ऊन हवं, नाहीतर रंग उतरून हिरवा पडतो.

इथे एक अपवाद. कॅलेडियमची रंगीत पानं पावसाळ्यात बघून बरेच जण हिवाळ्यासाठी तेच आणतात आणि नोव्हेंबरात पानं माना टाकू लागली की घाबरून पाणी वाढवतात. ते मरत नाही, झोपतं. पाणी बंद करा, कंद मातीतच राहू द्या, उन्हाळ्यात तो पुन्हा फुटेल. जास्त पाणी घातलंत तर मात्र खरंच कुजेल.

१२. पॅन्सी, शोभेची कोबी, ट्युलिप इथे येतील का?

पॅन्सी येते, पण फुलं लहान आणि हंगाम आखूड. डिसेंबर-जानेवारी उपभोगा, फेब्रुवारीत ती संपेल. सकाळचं ऊन आणि दुपारी सावली द्या. शोभेच्या कोबीला जांभळा-गुलाबी रंग चढायला रात्री चांगल्याच थंड लागतात, आपल्याकडे ती बऱ्याचदा हिरवट-पांढरीच राहते. ट्युलिपच्या कंदाला फुलण्याआधी कित्येक आठवडे कडक थंडी लागते. फ्रीजमध्ये ठेवून कुणी एखादं फूल काढतं, पण तेवढ्या पैशात शेवंतीच्या कुंड्यांनी पायऱ्या भरतील. मी शेवंतीच घेईन.

१३. शेजारणीची शेवंती फुलली, माझी नुसती वाढतेय. दोघींनी एकाच दिवशी आणली होती.

तुमची कुंडी रात्री दिव्याखाली आहे का बघा. रस्त्यावरचा खांब, गेटवरचा दिवा, जिन्यातली ट्यूब, यातलं काहीतरी असणार. शेवंती दिवसाची लांबी मोजते, आणि नेमकं सांगायचं तर अखंड अंधाराची लांबी. सप्टेंबरअखेर रात्र दिवसापेक्षा मोठी होते, डिसेंबरात आपला दिवस ११ तासांच्या आसपास येतो. त्या लांब रात्रींनी तिला कळ्या धरायचा निरोप मिळतो. रात्रभर दिवा जळत असेल तर तिच्या लेखी रात्र होतच नाही, आणि ती पानं वाढवत बसते.

कुंडी दिव्यापासून दूर, गच्चीच्या अंधाऱ्या बाजूला हलवा. कळ्या धरून फुलायला त्यानंतर आठ ते दहा आठवडे लागतात, म्हणून हे ऑक्टोबरातच तपासलेलं बरं. एकदा कळ्यांना रंग दिसू लागला की कुंडी दाराशी दिव्यात आणली तरी हरकत नाही.

१४. गेल्या नाताळात आणलेला पॉइन्सेटिया जगला, पण आता सगळा हिरवा आहे. लाल कधी होणार?

जगवलात हेच मोठं. लाल असतात ती फुलं नाहीत, पानं आहेत. खरी फुलं मधले पिवळे ठिपके. कारण शेवंतीचंच (प्रश्न १३), पण हा आणखी हट्टी. ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून आठ आठवडे रोज संध्याकाळी पाच ते सकाळी सात त्याच्यावर खोका पालथा घाला किंवा अंधाऱ्या खोलीत ठेवा, दिवसा भरपूर ऊन द्या. मध्येच कुणी दिवा लावला तर ती रात्र वाया. कलांचोलाही हाच उपाय लागू पडतो.

१५. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. पाणी कमी पडतंय का?

नाही, लोह कमी पडतंय. याला केवडा म्हणतात. आपल्या मातीत चुना जास्त, बोअरच्या पाण्यातही, आणि चुन्यामुळे मातीत असलेलं लोहही मुळांना घेता येत नाही. पिटुनिया आणि गुलाबावर हे नव्या, कोवळ्या पानांत आधी दिसतं. जुनी खालची पानं पिवळी होत असतील तर ती नत्राची कमतरता, तिथे प्रश्न ९ मधलं पेंडीचं पाणी पुरे. लोहासाठी चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) आणून डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात संध्याकाळी फवारा. आठ-दहा दिवसांत नवी पानं हिरवी निघतात. मूळ कारण पाण्यात असेल तर प्रश्न ८ प्रमाणे कुंडी धुऊन काढल्याशिवाय ते परत येईल.

१६. शेवंतीच्या शेंड्यावर काळे किडे, गुलाबाच्या पानांवर पांढरी पावडर. काय फवारू?

काळे किडे म्हणजे मावा. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, निम्मं काम होतं. मग एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या द्रव साबणाचे चार थेंब, चांगलं हलवून संध्याकाळी फवारा, पाच दिवसांनी पुन्हा. दुपारच्या उन्हात तेल फवारलंत तर पानं भाजतात. पांढरी पावडर म्हणजे भुरी. दिवसा ऊन, रात्री गारवा आणि कुंड्यांची दाटी यात ती पसरते. लागलेली पानं तोडा, कुंड्यांमध्ये हात जाईल एवढी जागा सोडा. ती पानं कुंडीतच टाकू नका.

१७. गुलाबाची छाटणी कधी?

ऑक्टोबरचा पहिला-दुसरा आठवडा. छाटणीनंतर सहा ते आठ आठवड्यांत फुलं येतात, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून नवा फुटवा निघतो त्या गाठीच्या) वर तिरका काप घ्या. डिसेंबर उजाडला असेल तर मोठी छाटणी आता करू नका, फक्त सुकलेली फुलं दोन-तीन पानांसकट काढत राहा.

१८. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून रोपं द्यायची आहेत. कोणती द्यावीत?

हा निरोप आला की मन भरून येतं. प्लास्टिकच्या डब्यांऐवजी घरोघर एकेक जिवंत झाड जातं. संक्रांत ते रथसप्तमी हा काळ हंगामाच्या ऐन भरात असतो, तेव्हा फुललेलं रोप देता येतं. डायन्थस आणि कलांचो चार इंची कुंडीत महिनाभर छान राहतात. फुलझाडांची ज्यांना सवय नाही त्यांना पुदिना किंवा तुळस. पन्नास रोपं हवी असतील तर डिसेंबरच्या सुरुवातीलाच नर्सरीत सांगून ठेवा. घरी करायची असतील तर पुदिन्याच्या काड्या नोव्हेंबरच्या शेवटी खोचा. प्रत्येक कुंडीला ऊन किती आणि पाणी किती हे दोन ओळींत लिहून बांधा, म्हणजे झाड जगेल.

१९. गच्चीवर इतकं वजन चालेल का?

बारा इंची कुंडी भिजल्यावर सहज २० किलोच्या पुढे जाते. जड कुंड्या स्लॅबच्या मध्यावर न ठेवता भिंतीलगत, खाली तुळई किंवा भिंत असेल तिथे ठेवा. कुंडीखाली विटांचे तुकडे ठेवून बोटभर उंच करा, पाणी वाहून जाईल आणि ओल धरणार नाही. जुनं, माळवदाचं घर असेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय वर काही चढवू नका, कुंड्या अंगणात आणि पायऱ्यांवर मांडा. कठड्यावर कुंड्या नकोतच, खालून माणसं जातात.

२०. आठ दिवस गावाला जायचंय. कुंड्यांचं काय?

निघायच्या दिवशी भरपूर पाणी, आच्छादन (प्रश्न ७), आणि सगळ्या कुंड्या भिंतीच्या सावलीत एकत्र. मग आपल्या सोलापुरी टॉवेलची एक करामत. जुन्या सुती टॉवेलच्या दोन बोटं रुंद पट्ट्या काढा, पूर्ण भिजवा. मध्ये पाण्याची बादली विटांवर उंच ठेवा. पट्टीचं एक टोक बादलीच्या तळापर्यंत, दुसरं कुंडीच्या मातीत दोन इंच खोल. पट्टी पाणी हळूहळू ओढत राहते. जायच्या दोन दिवस आधी करून बघा, बादली किती लवकर रिकामी होते ते कळेल. निघताना उमललेली फुलं आणि मोठ्या कळ्या खुडा. आल्यावर झाड नव्या कळ्यांनी भरलेलं असेल.

२१. घरात रांगणारं मूल आहे, खाली शेळ्या येतात. कोणती झाडं टाळू?

कण्हेर आणि अडेनियम पूर्ण टाळा, दोन्ही विषारी. कलांचो गुरा-शेळ्यांना आणि मांजरांना घातक. पॉइन्सेटियाचा चीक अंगाला-डोळ्यांना चुरचुरतो, तो उंचावर ठेवा आणि छाटल्यावर हात धुवा. पिटुनिया, नॅस्टर्शियम, गुलाब यांची भीती नाही. नॅस्टर्शियमची पानंफुलं तर कोशिंबिरीत घालतात, चव मुळ्यासारखी तिखट. अर्थात फवारलेली नकोत.

२२. शिवरात्र झाली, सगळं मलूल पडतंय. काढून टाकू का?

पिटुनिया, फ्लॉक्स, पॅन्सी काढा, त्यांना मार्चच्या उन्हात ओढत नेऊ नका. झेंडूची दोन-चार सुदृढ फुलं झाडावरच वाळू द्या आणि बी कागदात बांधून ठेवा. संकरित जातीचं बी मूळ झाडासारखं येईलच असं नाही, देशी झेंडूचं येतं. शेवंती जमिनीपासून तीन-चार इंचांवर कापा, दाट सावलीत ठेवा आणि उन्हाळाभर माती फक्त ओलसर ठेवा. जूनमध्ये बुडातून निघालेले फुटवे वेगळे करून लावले की पुढच्या हंगामाची शेवंती विकत आणायला नको. गझानिया दुपारच्या सावलीत उन्हाळा काढतो. रिकाम्या कुंड्यांची माती कागदावर पसरून एप्रिलच्या उन्हात आठ-दहा दिवस तापवा, उलथीपालथी करा, मग पोत्यात भरून ठेवा. एक-दोन कुंड्यांत ऑफिस टाइम नावाच्या फुलझाडाच्या काड्या खोचा. तिला आपलं ऊन सोसतं, आणि मे महिन्यातही सकाळी दहाला ती फुललेली दिसते.